समुद्रात वाट कोणी द्यायची?

लातूरच्या बाजार समितीत तुरीचा सौदा निघतो, तेव्हा म्यानमार नि मोझांबिकहून निघालेली तूर मुंबईच्या बंदरांत कधी आणि किती उतरणार, हा हिशोब आडत्यांच्या डोक्यात असतोच. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत राहणाऱ्या नांदेड-लातूरकरांचा दर्याशी रोजचा संबंध साधारण एवढाच. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तिथे बसून जहाजांच्या टकरींवर लिहिणे काहींना चेष्टा वाटेल. पण मुंबई बघायला गेलेला मराठवाड्यातला माणूस गेटवेला लाँचमध्ये बसतोच, आणि बारावीनंतर मर्चंट नेव्हीची चौकशी करणारी पोरे आता आपल्याकडच्या शिकवण्यांतही भेटतात. 18 डिसेंबर 2024 च्या दुपारी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि 15 माणसे गेली. त्या संध्याकाळी टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न पडला होता: एवढ्या मोकळ्या समुद्रात दोन बोटी एकमेकींवर आदळतातच कशा?

पहिली गोष्ट म्हणजे समुद्र तितका मोकळा नसतो. मुंबईच्या तोंडाशी तर नाहीच. न्हावा-शेवा आणि मुंबई बंदराची जहाजे, नौदलाच्या युद्धनौका, तेलाच्या टाक्या भरायला आलेले टँकर, बॉम्बे हायकडे सामान नेणाऱ्या बोटी, मांडवा-रेवसच्या लाँच आणि ससून डॉक-करंजाच्या मासेमारी बोटी हे सगळे त्याच पाण्यातून जातात. मोठ्या जहाजाला तर त्या पाण्यातलाही फक्त गाळ काढून खोल केलेला एक पट्टाच वापरता येतो. बाकीचे पाणी त्याच्या दृष्टीने जमीनच.

दुसरी गोष्ट, वाट कोणी द्यायची हे फार पूर्वीच ठरलेले आहे. वाफेची जहाजे आली आणि वाऱ्याच्या मर्जीने चालणाऱ्या शिडांचा जुना शिरस्ता अपुरा पडू लागला, तेव्हा 1840 मध्ये लंडनच्या ट्रिनिटी हाउसने नियम केला की समोरासमोर आलेल्या आगबोटींनी एकमेकींना आपल्या डाव्या बाजूने जाऊ द्यावे. 1863 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून नियमावली केली आणि वर्षभरात तीसहून अधिक देशांनी ती उचलली. 1889 ची वॉशिंग्टनची परिषद, मग विसाव्या शतकातल्या दुरुस्त्या, आणि शेवटी 20 ऑक्टोबर 1972 रोजी लंडनमध्ये झालेला आंतरराष्ट्रीय करार. तो 15 जुलै 1977 पासून लागू आहे. भारताने त्यासाठी मर्चंट शिपिंग कायद्याखाली 1975 मध्ये आपली नियमावली काढली. दर्यावर्दी तिला ‘कोलरेग’ किंवा नुसतेच ‘रूल्स ऑफ द रोड’ म्हणतात. आज त्यात 41 नियम आहेत. मुंबईला मेटच्या, म्हणजे डेक अधिकाऱ्याच्या, तोंडी परीक्षेला बसणाऱ्या पोरांची खरी झोप उडते ती यांच्यामुळेच, कारण परीक्षक टेबलावर जहाजांची छोटी मॉडेल मांडून विचारतो: आता काय कराल?

नियमांचा गाभा मात्र एका निरीक्षणात आहे. समोरचे जहाज जवळ येत असेल आणि होकायंत्रावर त्याची दिशा बदलत नसेल, तर टक्कर होणार. दिशा सरकत असेल तर ते पुढून किंवा मागून निघून जाईल. हे एवढे ज्याला वेळेवर दिसले, त्याला पुढचे सगळे सोपे. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचे. मागून येऊन ओलांडणाऱ्याने, मग तो कितीही मोठा वा वेगवान असो, पुढच्यापासून दूर राहायचे. आणि आडव्या येणाऱ्या दोन इंजिनच्या जहाजांत ज्याच्या उजव्या हाताला दुसरे जहाज आहे त्याने वाट द्यायची, तीही त्याच्या पुढून न जाता.

रात्री हेच दिव्यांवरून कळते. जहाजाच्या उजव्या कुशीला हिरवा दिवा, डाव्या कुशीला लाल, मागे पांढरा, डोलकाठीवर पांढरा. दोन्ही कुशींचे दिवे प्रत्येकी एकशे साडेबारा अंशांत दिसतात आणि मागचा दिवा 135 अंशांत. बेरीज बरोबर 360 भरते. त्यामुळे अंधारात नुसता लाल ठिपका दिसला तरी समजते की समोरच्याची डावी कूस आपल्याकडे आहे. तो उजव्या हाताला असेल तर आपणच वाट द्यायची. हे सगळे लाल-हिरव्यावर बेतलेले असल्यामुळेच रंगांध उमेदवाराला डेक ऑफिसर होता येत नाही. शिकवणीची फी भरण्याआधी ही एक तपासणी करून घ्या, असे नांदेडच्या पालकांना कोणी सांगत नाही. जाहिरातींत तर ते कधीच नसते.

आता या नियमावलीचा सगळ्यात चुकीचा समजला जाणारा भाग. आपल्या रस्त्यावर हक्काची एक कल्पना असते: मोठी गाडी पुढे, किंवा ज्याने आधी हॉर्न वाजवला तो पुढे. कोलरेग असा हक्क कोणालाच देत नाही. ज्याने वाट द्यायची त्याचे कर्तव्य आहे की लवकर, ठळक आणि समोरच्याच्या लक्षात येईल असे वळण घ्यावे. ज्याला वाट मिळायची त्याचेही कर्तव्य आहे: त्याने आपली दिशा आणि वेग तसाच ठेवायचा, म्हणजे पहिल्याचा हिशोब चुकत नाही. पहिला काहीच करत नाही असे दिसले की दुसऱ्याला स्वतः हालचाल करायची मोकळीक आहे. आणि आता एकट्या पहिल्याच्या हालचालीने टक्कर टळणार नाही अशी वेळ आली, तर दुसऱ्याने काहीतरी केलेच पाहिजे. नियमावलीतला क्रमांक दोनचा नियम तर याहून पुढे जातो. तत्काळ धोका टाळायला गरज पडली तर नियम मोडा, असे नियमावलीच सांगते. मी वाचलेल्या कायद्यांत इतका शहाणा कायदा क्वचित भेटला.

मग आपल्या किनाऱ्यावर गेल्या पंधरा वर्षांत जे घडले ते का घडले? त्या टकरी एकापुढे एक ठेवल्या की मला दिसते ते असे: ही नियमावली मुळात एकमेकांना ओळखणाऱ्या, सारख्याच शिकलेल्या दोन जहाजांसाठी रचलेली आहे. आपल्याकडे समोरासमोर येतात ते एकमेकांना न ओळखणारे. कंटेनरचे जहाज आणि मासेमारी बोट चालवणारा तांडेल, युद्धनौका आणि लाँच.

दोन शिकलेल्या जहाजांची टक्कर होत नाही असे मात्र नाही. 7 ऑगस्ट 2010 च्या सकाळी मुंबईबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ आदळली. चित्रा न्हावा-शेव्याहून बाहेर निघाली होती, खलिजिया आत येत होती. दिवस होता, दोन्हींवर परवानाधारक अधिकारी होते, दोन्हींवर रडार होते. चित्रावर सुमारे 1,200 कंटेनर आणि 2,600 टनांहून अधिक इंधन होते. जहाज एका कुशीवर कलले, शेकडो कंटेनर समुद्रात गेले, त्यांतल्या काहींत कीटकनाशके होती. सुमारे 800 टन तेल बाहेर आले. तरंगत्या कंटेनरांच्या भीतीने मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद राहिली. उरण-अलिबागच्या खारफुटीवर काळा थर बसला, आणि मासे खाऊ नका असे सांगितल्याने नारळी पौर्णिमेच्या तोंडावर कोळ्यांचा बाजार बसला. चूक ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, झाली; तिची किंमत ज्यांनी ब्रिज कधी पाहिला नाही त्यांनी मोजली.

सहा महिनेही झाले नव्हते तोच, 30 जानेवारी 2011 ला, ‘आयएनएस विंध्यगिरी’ ही फ्रिगेट बंदराच्या वाटेवर ‘नॉर्डलेक’ या कंटेनर जहाजाला धडकली. तिच्यावर त्या दिवशी नौसैनिकांची कुटुंबे होती. माणसे वाचली, पण आग लागली आणि दुसऱ्या दिवशी युद्धनौका धक्क्याला बुडाली.

इथे नववा नियम येतो, अरुंद जलमार्गाचा. प्रत्येकाने आपल्या उजव्या कडेला धरून चालायचे आणि 20 मीटरहून लहान बोटींनी, शिडाच्या बोटींनी, मासेमारी करणाऱ्यांनी त्या पट्ट्याबाहेर जाऊच न शकणाऱ्या जहाजाला अडवायचे नाही. आपल्या किनाऱ्यावरचे अर्धे भांडण याच वाक्यात आहे. कारण अठरावा नियम एक उतरंड लावतो: बिघाड होऊन ताबा गेलेले जहाज आणि ज्याची हालचाल कामामुळे बांधली गेली आहे असे जहाज सगळ्यात वर, मग मासेमारी करणारे, मग शिडाचे, शेवटी इंजिनचे. कोळी बोटींवर या नियमाचा अर्थ पिढ्यान्पिढ्या असा पोचला आहे की जाळे पाण्यात असले की सगळ्यांनी बाजूला व्हायचे. खोल समुद्रात ते खरे आहे. बंदराच्या पट्ट्यात खरे नाही. आणि जाळे वर घेऊन घरी निघालेली बोट ही मासेमारी करणारी बोट राहत नाही. ती साधी इंजिनची बोट होते, उतरंडीच्या तळाला. शिवाय जाळे टाकताना लावायचे दिवे वेगळे आहेत: ट्रॉलरला पांढऱ्यावर हिरवा, बाकीच्यांना पांढऱ्यावर लाल. हे दिवे जाता-येता तसेच पेटलेले राहिले तर समोरचा अधिकारी चुकीचा नियम लावतो.

पण सगळा दोष तांडेलावर टाकण्याआधी थोडे गणित करू. 12 मीटरहून लहान बोटीचा दिवा दोन सागरी मैलांवरून दिसला तरी नियमाचे समाधान होते. समोरून 20 नॉटने येणारे कंटेनर जहाज आणि त्याच्याकडे आठ नॉटने जाणारी बोट यांच्यातले अंतर 28 नॉटने, म्हणजे ताशी सुमारे 52 किलोमीटरने कमी होते. दोन मैल संपायला चार मिनिटे आणि काही सेकंद. त्यात अधिकाऱ्याने तो दिवा किनाऱ्याच्या दिव्यांतून वेगळा ओळखायचा, दिशा दोन-तीनदा मोजायची, ठरवायचे आणि शेकडो मीटर लांबीचे जहाज वळवायचे. जवळ आल्यावर तर तो दिसेलच असेही नाही: ब्रिजवरून पुढे समुद्र न दिसणारी जागा जहाजाच्या दोन लांबींएवढी किंवा 500 मीटर, यातली जी कमी असेल तेवढी चालते, असा आंतरराष्ट्रीय मानदंडच आहे. अर्धा किलोमीटर! त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये एक बोट, तिच्यावर आठ-दहा खलाशी आणि इंजिनच्या आवाजात झोपलेला तांडेल सहज मावतात. लाकडी बोट रडारवरही अंधूकच उमटते, आणि पावसाळी लाटांत तर हरवूनच जाते.

अशा टकरींची यादी म्हणूनच लांब आहे. डिसेंबर 2013 मध्ये रत्नागिरीजवळ ‘आयएनएस तलवार’ आणि एका मासेमारी बोटीची टक्कर झाली. बोट बुडाली, खलाशांना वाचवता आले. जून 2017 मध्ये कोचीजवळ ‘अंबर एल’ या मालवाहू जहाजाने मासेमारी बोटीला धडक दिली आणि माणसे गेली. 21 नोव्हेंबर 2024 ला गोव्याच्या वायव्येला सुमारे 70 सागरी मैलांवर नौदलाच्या स्कॉर्पीन वर्गाच्या पाणबुडीशी ‘मार्थोमा’ ही बोट आदळली. तिच्यावरच्या तेरापैकी अकरा जणांना वाचवले, दोघे गेले. त्यानंतर महिना व्हायच्या आतच नीलकमल.

नीलकमलची गोष्ट मात्र या सगळ्यांत बसत नाही, आणि तिला ओढूनताणून बसवू नये. नौदलाच्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि ताबा सुटला, असे नौदलानेच सांगितले. गोल-गोल वळणे घेत भरधाव जाणाऱ्या बोटीची दिशा होकायंत्रावर मोजता येत नाही. वाट देणारा कोण आणि घेणारा कोण हेही ठरत नाही. सगळी नियमावली एका गृहीतकावर उभी आहे की समोरचा पुढच्या काही मिनिटांत काय करील याचा अंदाज बांधता येईल. तिथे ते गृहीतकच नव्हते. अशा जागी कामाला येतो तो सहावा नियम, सुरक्षित वेगाचा, आणि त्याहून आधीचा एक साधा निर्णय: प्रवासी लाँचच्या वाटेवर इंजिनाच्या चाचण्या घ्यायच्या का? दुसरा भाग लाँचचा. परवाना 84 प्रवासी आणि सहा कर्मचाऱ्यांचा होता. चढले होते शंभरहून अधिक. बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. टक्कर टाळण्याचा नियम तिथे संपतो आणि महाराष्ट्र सागरी मंडळाच्या तपासणीचा सुरू होतो. 17 जुलै 1947 ला ‘रामदास’ बोट वादळात उलटून 600 हून अधिक माणसे बुडाली, ती टक्कर नव्हती. पण किती माणसे चढवायची हा प्रश्न तेव्हापासून याच पाण्यावर तरंगतो आहे. आपल्याकडे गोदावरीवरच्या विष्णुपुरी जलाशयात फिरणाऱ्या होडीला कोलरेग लागू नाही. तिथल्या इंजिनच्या बोटींसाठी 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, ज्याने 1917 चा जुना कायदा हटवला. जॅकेटचा प्रश्न गोदावरीतही तोच.

यंत्रांनी किती फरक पडला? थोडा, आणि तोही दोन्ही बाजूंनी. 25 जुलै 1956 च्या रात्री अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ ‘आंद्रेआ दोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ ही दोन प्रवासी जहाजे एकमेकांना रडारवर बघत असतानाच आदळली; 51 जण मेले. धुक्यात एक डावीकडे वळले, दुसरे उजवीकडे. तेव्हापासून रडारवरच्या ठिपक्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये असे नियमातच लिहिलेले आहे. धुक्यात तर वाट देणारा-घेणारा हा भेदच नाहीसा होतो: दोघांनीही वेग कमी करायचा, आणि समोरून येणाऱ्यासाठी शक्यतो डावीकडे वळायचे नाही. व्हीएचएफ फोनचे तसेच. ‘तू माझ्या पुढून जा’ असे तोंडी ठरवून नियमाविरुद्ध वळणारे अधिकारी सगळीकडे सापडतात, आणि कधी कधी ते बोलणे भलत्याच जहाजाशी झालेले असते.

एआयएस आले, ज्यात जहाज आपले नाव, जागा, दिशा आणि वेग रेडिओवरून सांगत राहते. 300 टनांवरच्या आंतरराष्ट्रीय जहाजांना ते 2004 च्या अखेरपर्यंत सक्तीचे झाले. आपल्याकडे 26/11 नंतर 20 मीटरवरच्या मासेमारी बोटींनाही. पण बहुतांश बोटी त्याहून लहान. त्यांच्यासाठी इस्रोच्या तंत्रावर चालणारे एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना आहे. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये पंतप्रधानांनी तिचा प्रारंभ केला. वादळाचा इशारा आणि संकटातली हाक यांसाठी ते यंत्र मोलाचे आहे. पण कंटेनर जहाजाच्या ब्रिजवर बोट त्यामुळे आपोआप दिसू लागत नाही, हे योजनेच्या उत्साहात विसरले जाते. याच्यापेक्षा मला 2020 चा निर्णय जास्त कामाचा वाटतो. त्या वर्षी 1 ऑगस्टपासून नैर्ऋत्य किनाऱ्याबाहेर व्यापारी जहाजांचे मार्ग आखून ते मासेमारीच्या पट्ट्यापासून वेगळे करण्यात आले. दोघांची भेटच कमी झाली तर नियमाची परीक्षा कमी होते. डोव्हरच्या सामुद्रधुनीत 1967 मध्ये जहाजांच्या येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या, तेव्हाचा विचारही हाच होता.

टक्कर झाल्यावर दोष ठरवण्याचा भाग थोडक्यात सांगून टाकतो. बेदरकार नौकानयनाचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 282 मध्ये आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. खरी लढाई पैशांची असते आणि ती 2017 च्या ॲडमिरल्टी कायद्याखाली मुंबईसह आठ उच्च न्यायालयांत चालते. नुकसान चुकीच्या प्रमाणात वाटले जाते, आणि एक जहाज पूर्ण निर्दोष सुटल्याची उदाहरणे थोडी असतात. दोघांनाही कर्तव्य दिल्यावर दोघांकडूनही काहीतरी राहून गेलेले निघतेच. बहुतेक वेळा ते पाचव्या नियमाचे असते: डोळ्यांनी, कानांनी आणि हाताशी असेल त्या प्रत्येक साधनाने सतत पहारा ठेवा. माणूसच नसलेली जहाजे समुद्रात उतरवण्याची तयारी चालली आहे आणि त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत नियम घडत आहेत. कॅमेऱ्याला डोळा आणि मायक्रोफोनला कान म्हणायचे का, यावर तिथले वकील बोलत असतात. डहाणूच्या तांडेलाला तो वाद आज परग्रहावरचा वाटेल.

त्याच्यासमोर त्याहून जवळचे काही उभे आहे. सुमारे 76,000 कोटींचे वाढवण बंदर त्याच्या दारात होत आहे. कोळ्यांचा त्याला विरोध आहे आणि त्याची कारणे या लेखाच्या विषयाहून मोठी आहेत. पण बंदर झाले तर जगातली सगळ्यात लांब कंटेनर जहाजे त्याच पाण्यात येतील जिथे आज डोल जाळ्यांचे खांब रोवलेले आहेत. तिथला तांडेल बापाबरोबर, काकाबरोबर शिकला. त्याला वारा, भरती आणि खडक पाठ आहेत, पण नववा आणि अठरावा नियम एकत्र कसे वाचायचे हे त्याला मराठीत कोणी बसून सांगितलेले नाही. तो वर्ग मत्स्यव्यवसाय खात्याने पावसाळी बंदीच्या दोन महिन्यांत, बोटी वर ओढलेल्या असतात तेव्हा, गावोगाव घ्यायला हवा. आणि सागरी नकाशात मासेमारीच्या खांबांना खूण असते; डहाणू ते पालघरपर्यंतच्या डोल जाळ्यांच्या जागा कोळ्यांना विचारून त्या नकाशावर बसवणे हे डेहराडूनच्या राष्ट्रीय जल सर्वेक्षण कार्यालयाचे काम आहे, तेही पहिले जहाज यायच्या आत.